निष्कास वायू पुनरभिसरण झडप

निष्कास वायू पुनरभिसरण झडप (प्रचलित नाव: ईजीआर व्हॉल्व्ह) ही अंतर्ज्वलन इंजिनातील एक नियंत्रक झडप आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूंपैकी ठरावीक हिस्सा ती पुन्हा हवा आत घेण्याच्या मार्गात सोडते. हा वायू ताज्या हवेत मिसळून सिलिंडरमध्ये जातो, तेथील ज्वलनाचे कमाल तापमान खाली आणतो आणि त्यामुळे नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांची निर्मिती घटते. डिझेल मोटारी, बस व ट्रक यांच्या इंजिनांत ही झडप प्रामुख्याने प्रदूषण नियंत्रणासाठी असते. काही पेट्रोल इंजिनांत तिचा उपयोग इंधन वाचवण्यासाठीही केला जातो.

एकदा जळून गेलेला वायू पुन्हा इंजिनात घालणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु घरगुती चुलीत याच तत्त्वाचा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. निखारे भडकू नयेत म्हणून त्यांच्यावर राख ओढतात. राख स्वतः जळत नाही. ती हवेला आड येते आणि उष्णता शोषून घेते, त्यामुळे विस्तव विझत नाही पण मंद राहतो. इंजिनात परतणारा निष्कास वायू हे या राखेसारखेच काम करतो.

पार्श्वभूमी: नायट्रोजनची ऑक्साइडे

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि हा बंध तोडण्यास फार मोठी ऊर्जा लागते. म्हणूनच सामान्य तापमानाला नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र नांदत असूनही त्यांच्यात अभिक्रिया होत नाही. सिलिंडरमध्ये मात्र ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. इतक्या उष्णतेत ऑक्सिजनचे काही रेणू फुटून सुटे अणू तयार होतात. असा एक अणू नायट्रोजनच्या रेणूवर आदळला की नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू तयार होतो आणि नायट्रोजनचा एक अणू मोकळा होतो. हा मोकळा अणू ऑक्सिजनच्या दुसऱ्या रेणूशी संयोग पावून नायट्रिक ऑक्साइडचा आणखी एक रेणू घडवतो व ऑक्सिजनचा अणू पुन्हा सुटा करतो. अशी ही साखळी चालू राहते. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४०च्या दशकात ही यंत्रणा मांडली. तिला ‘झेल्डोविच यंत्रणा’ असे म्हणतात.

या यंत्रणेचे व्यावहारिक दृष्टीने महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा वेग तापमानाच्या सम प्रमाणात वाढत नाही. तो फार झपाट्याने वाढतो. सुमारे १८०० केल्विनच्या खाली तो नगण्य असतो आणि त्यानंतर प्रत्येक शंभर अंशांगणिक कैक पटींनी वाढत जातो. त्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान थोडेसे जरी कमी केले, तरी नायट्रिक ऑक्साइडच्या प्रमाणात मोठी घट होते. दुसरी बाब अशी की, दट्ट्या खाली जाऊ लागला की वायू इतक्या वेगाने थंड होतो की, तयार झालेल्या नायट्रिक ऑक्साइडला पुन्हा नायट्रोजन व ऑक्सिजन यांत रूपांतरित होण्यास वेळच मिळत नाही. म्हणून त्याची निर्मितीच मुळात होऊ न देणे हा इंजिनाच्या आतील एकमेव प्रभावी उपाय ठरतो. हेच काम पुनरभिसरण झडप करते.

हवेत आल्यावर नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा तपकिरी, उग्र वासाचा वायू श्वसनमार्गाचा दाह करतो. दमेकऱ्यांना व लहान मुलांना त्याचा त्रास विशेष होतो. सूर्यप्रकाशात तो हायड्रोकार्बनांच्या सान्निध्यात ओझोनच्या निर्मितीस कारण ठरतो. पावसाच्या पाण्यात तो नायट्रिक आम्लाच्या रूपाने उतरतो आणि हवेतच अमोनियाशी संयोग पावून सूक्ष्म कणही निर्माण करतो. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार निवासी भागातील हवेत नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी प्रतिघनमीटर ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मार्गदर्शक मर्यादा १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली.

इतिहास

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९४०च्या दशकात डोळे चुरचुरवणारे तपकिरी धुरके वारंवार दाटू लागले. आरंभी त्याचा दोष कारखान्यांना देण्यात आला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी असे दाखवून दिले की, हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते आणि या दोन्ही घटकांचा एक मोठा स्रोत मोटारी हा आहे.

या संशोधनाचा परिणाम पुढे कायद्यांत दिसून आला. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटारींतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांवर कठोर बंधने घातली आणि १९७३ च्या सुमारास तेथील पेट्रोल मोटारींत पुनरभिसरण झडप सर्रास बसवली जाऊ लागली. आरंभीच्या रचना ओबडधोबड होत्या. काहींमध्ये निष्कास व अंतर्ग्रहण मार्ग यांच्यात केवळ एक बारीक छिद्र ठेवलेले असे. त्यामुळे थंड इंजिन नीट चालत नसे, उभ्या गाडीचे इंजिन थरथरे आणि गाडीचा उठाव मंदावत असे. ही झडप इंजिनाची शक्ती खाते, असा जो समज रूढ आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या काळातील रचनांत आहे.

संगणकीय नियंत्रण आल्यानंतर झडप नेमकी केव्हा व किती उघडावी हे अचूकपणे ठरवता येऊ लागले. १९९०च्या दशकात युरोपीय मानकांमुळे डिझेल मोटारींतही तिचा प्रसार झाला. भारतात भारत स्टेज मानकांच्या टप्प्यांबरोबर ती डिझेल वाहनांचा नेहमीचा भाग बनली.

जळलेला वायू तापमान कसे कमी करतो

परतलेल्या वायूचा परिणाम मुख्यतः दोन मार्गांनी होतो.

पहिला मार्ग विरलतेचा आहे. सिलिंडरमध्ये मावणाऱ्या वायूचे आकारमान मर्यादित असते. त्यातील काही जागा जळलेल्या वायूने व्यापली की तेवढी ताजी हवा कमी जाते आणि मिश्रणातील ऑक्सिजनचे प्रमाण घटते. उदाहरणार्थ, एखाद्या डिझेल इंजिनाच्या निष्कास वायूत १० टक्के ऑक्सिजन शिल्लक आहे आणि आत जाणाऱ्या मिश्रणात अशा वायूचा वाटा ३० टक्के आहे, असे समजू. उरलेल्या ७० टक्के ताज्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असेल. तेव्हा मिश्रणातील ऑक्सिजन ०.७ × २१ + ०.३ × १० = १७.७ टक्के होईल. इंधनाच्या प्रत्येक कणाला जळण्यासाठी आता अधिक वायूत मिसळावे लागते. उष्णता तेवढीच निर्माण होते, पण ती अधिक वस्तुमानात वाटली जाते. साहजिकच ज्वालेचे तापमान उतरते. डिझेल इंजिनात हा परिणाम सर्वांत प्रभावी असतो.

दुसरा मार्ग उष्णता शोषणाचा आहे. निष्कास वायूत कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ असते. या दोन्हींचे रेणू तीन अणूंचे असल्यामुळे ते दोन अणूंच्या रेणूंपेक्षा अधिक उष्णता सामावून घेतात. १००० केल्विन तापमानाला एक मोल नायट्रोजनचे तापमान स्थिर दाबाखाली एका अंशाने वाढवण्यास सुमारे ३३ ज्यूल व ऑक्सिजनचे वाढवण्यास सुमारे ३५ ज्यूल उष्णता लागते. पाण्याच्या वाफेला मात्र सुमारे ४१, तर कार्बन डायऑक्साइडला सुमारे ५४ ज्यूल लागतात. म्हणजे हे वायू ज्वलनात भाग न घेता त्यातील उष्णता शोषून घेतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निष्कास वायू स्वतः उष्ण असतो, मग तो सिलिंडर थंड कसा करील, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. झडपेजवळ येणारा वायू काहीशे अंश सेल्सिअस तापमानाचा असला, तरी ज्वालेच्या दोन हजारांहून अधिक अंशांपुढे तो थंडच होय. तरीही तो जितका थंड करून आत सोडावा तितका लाभ अधिक होतो. म्हणूनच डिझेल इंजिनात झडपेच्या जोडीला शीतक बसवलेला असतो.

रचना

या प्रणालीचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे असतात.

जोडनळी: निष्कास मॅनिफोल्डपासून अंतर्ग्रहण मॅनिफोल्डपर्यंत जाणारी ही नळी उष्णता व गंज यांना तोंड देण्यासाठी बहुधा गंजरोधक पोलादाची असते. तापून प्रसरण पावताना ती तडकू नये म्हणून तिचा काही भाग वळीदार ठेवतात.

झडप: जुन्या व अनेक चालू रचनांत टोकाशी शंकूसारखा आकार असलेला एक दांडा बैठकीवर टेकलेला असतो. तो उचलला गेला की वायूला वाट मिळते. काही रचनांत फिरणारी चकती असते. स्प्रिंगच्या दाबामुळे झडप एरवी बंद राहते. नियंत्रण बंद पडले तरी ती मिटावी असा यामागे हेतू असतो.

चालक यंत्रणा: दांडा उचलणारा पडदा, विद्युतचुंबक किंवा लहान मोटर.

शीतक: आतून निष्कास वायू व बाहेरून इंजिनाचे कूलंट वाहणारा नळ्यांचा संच. तो वायूचे तापमान बरेच खाली आणतो. थंड वायू कमी जागा व्यापत असल्यामुळे तेवढ्याच वस्तुमानाचा वायू आत घेऊनही ताज्या हवेला अधिक जागा उरते.

संवेदक: झडप प्रत्यक्षात किती उघडली आहे हे सांगणारा स्थितिसंवेदक, आत येणारी ताजी हवा मोजणारा हवामापक आणि तापमान व दाब यांचे संवेदक.

नियंत्रक संगणक: इंजिनाची गती, भार, तापमान आदी माहितीवरून झडपेला आज्ञा देणारा घटक. मोटारीत यालाच ईसीयू किंवा ईसीएम असे म्हणतात.

कार्यपद्धती

वायू नेहमी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना अंतर्ग्रहण मार्गात वातावरणापेक्षा कमी दाब असतो व निष्कास मार्गात किंचित अधिक. त्यामुळे झडप उघडताच वायू आपोआप आत ओढला जातो. टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनात स्थिती वेगळी असते. टर्बोमुळे अंतर्ग्रहण बाजूचाच दाब वाढलेला असतो आणि काही वेळा तो निष्कास बाजूपेक्षाही अधिक होतो. अशा वेळी झडप उघडूनही वायू हवा तसा वाहत नाही. यावर उपाय म्हणून टर्बाइनची फिरती पाती काहीशी मिटवून निष्कास बाजूचा दाब वाढवतात किंवा हवेच्या मार्गातील थ्रॉटल थोडा बंद करून तेथील दाब उतरवतात.

संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक गती व भार यांसाठी किती वायू परतवावा याचे कोष्टक साठवलेले असते. संगणक त्यानुसार झडप उघडतो आणि हवामापकाकडून ताज्या हवेचे प्रमाण तपासतो. परतलेला वायू वाढला की ताजी हवा तेवढी घटते. या घटीवरून संगणकाला वायूचे प्रमाण कळते आणि तो झडप कमीअधिक करत राहतो.

प्रयोगशाळेत हे प्रमाण कार्बन डायऑक्साइडवरून काढतात. अंतर्ग्रहण मिश्रणातील कार्बन डायऑक्साइडच्या टक्केवारीतून बाहेरच्या हवेतील टक्केवारी वजा करायची, निष्कास वायूतील टक्केवारीतूनही तीच वजा करायची आणि पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागून शंभराने गुणायचे. बाहेरच्या हवेत ०.०४, मिश्रणात १.२४ आणि निष्कासात ८.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड आढळला, तर १.२ ÷ ८ × १०० म्हणजे १५ टक्के वायू परतत आहे असा अर्थ होतो. पेट्रोल इंजिनात हे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असते. काही नव्या इंजिनांत ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. डिझेल इंजिनात हलक्या भारावर ते ५० टक्क्यांपर्यंतही पोहोचू शकते, कारण तेथे निष्कास वायूतही बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

झडप सदैव उघडी नसते. थंड इंजिन सुरू करताना ज्वलन आधीच अस्थिर असते, म्हणून ती बहुधा बंद ठेवतात. पेट्रोल इंजिन मंद गतीत नुसते चालू असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडेच असते. त्यात जळलेला वायू मिसळला तर इंजिन अडखळते किंवा बंद पडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता, उदाहरणार्थ घाट चढताना अथवा पुढील वाहन ओलांडताना, इंजिनाला सर्व ऑक्सिजन लागतो; म्हणून तेव्हाही झडप मिटते. ती मुख्यतः उघडते ती मध्यम गतीच्या व अंशतः भाराच्या अवस्थेत. पूर्ण शक्तीच्या वेळी झडप मिटत असल्यामुळे, सुस्थितीतील झडपेने इंजिनाची कमाल शक्ती घटते असे म्हणता येत नाही.

प्रकार

चालक यंत्रणेनुसार झडपांचे दोन मुख्य प्रकार पडतात. निर्वातचलित झडपेत एका डबीत रबरी पडदा असतो. पडद्यावरील कमी दाबामुळे तो स्प्रिंगच्या विरुद्ध वर ओढला जाऊन झडप उघडते. विद्युतचलित झडपेत विद्युतचुंबक किंवा मोटर दांडा हलवते. ती चटकन प्रतिसाद देते आणि हव्या त्या उंचीवर थांबवता येते. म्हणून आधुनिक वाहनांत हाच प्रकार आढळतो.

वायू कोठून घेतला जातो यानुसार उच्च-दाब व निम्न-दाब असे प्रकार होतात. उच्च-दाब प्रणालीत वायू टर्बाइनच्या आधी घेऊन काँप्रेसरच्या पुढे सोडतात. मार्ग आखूड असल्यामुळे ती झटपट प्रतिसाद देते. परंतु तिच्यातील वायू काजळीयुक्त असतो आणि टर्बाइन फिरवणारा काही वायू वळवला जातो. निम्न-दाब प्रणालीत वायू टर्बाइन व काजळी गाळणी यांच्या पुढून घेऊन काँप्रेसरच्या आधी सोडतात. हा वायू स्वच्छ व थंड असतो, तो हवेत चांगला मिसळतो. मात्र मार्ग लांब असल्याने प्रतिसाद मंद असतो. काही इंजिनांत दोन्ही प्रणाली एकत्र वापरतात.

याखेरीज झडप व नळी यांच्याशिवायही पुनरभिसरण साधता येते. निष्कास झडप मिटण्याची व अंतर्ग्रहण झडप उघडण्याची वेळ बदलून काही जळलेला वायू सिलिंडरमध्येच राखून ठेवला जातो. याला अंतर्गत पुनरभिसरण म्हणतात. हा वायू थंड करता येत नाही, ही त्याची मर्यादा होय.

पेट्रोल इंजिनातील उपयोग

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण नेमके राखलेले असते. त्यामुळे सायलेन्सरच्या मार्गातील त्रिमार्गी उत्प्रेरक नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन करू शकतो. डिझेल निष्कासात ऑक्सिजन जास्त असल्याने हा उत्प्रेरक तेथे निरुपयोगी ठरतो. पेट्रोल इंजिनात पुनरभिसरणाचा मुख्य लाभ कार्यक्षमतेचा असतो. जळलेला वायू आत आल्यामुळे तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागतो. परिणामी अरुंद वाटेतून हवा ओढण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते. तसेच तापमान उतरल्याने इंजिनातील ठोका, म्हणजे नॉकिंग, कमी होते. टोयोटाच्या २००९ मधील प्रियस या संकरित मोटारीत थंड केलेल्या वायूचे पुनरभिसरण याच उद्देशाने योजले होते.

मर्यादा

पुनरभिसरणाची किंमत काजळीच्या रूपाने मोजावी लागते. ऑक्सिजन व तापमान कमी झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात, पण काजळीचे कण पुरेसे जळून जात नाहीत. एक प्रदूषक दाबला की दुसरा डोके वर काढतो. डिझेल इंजिनाच्या रचनाकारांपुढील ही मूलभूत अडचण आहे. तिच्यावर उपाय म्हणून इंधन अतिउच्च दाबाने फवारतात आणि निष्कास मार्गात काजळी गाळणी बसवतात.

दुसरी मर्यादा इंधनातील गंधकाची होती. गंधक जळून तयार होणारी ऑक्साइडे शीतकातील ओलाव्याशी संयोग पावून सल्फ्युरिक आम्ल तयार करतात व धातू खातात. भारतात बीएस-३ मानकाच्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ३५० भाग गंधक चालत असे; बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० व बीएस-६ मध्ये १० झाली. स्वच्छ इंधनाशिवाय या प्रणालीचे आयुष्य वाढवणे शक्य नव्हते.

केवळ पुनरभिसरणाने कडक मर्यादा गाठणे कठीण असते. म्हणून अनेक वाहनांत निष्कास मार्गात युरियाचे द्रावण फवारणारी निवडक उत्प्रेरकी प्रणाली जोडलेली असते. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो. बीएस-४ च्या काळात भारतातील अवजड वाहनांच्या काही उत्पादकांनी पुनरभिसरणाचा, तर काहींनी युरियाचा मार्ग पत्करला होता. बीएस-६ मध्ये मर्यादा इतकी उतरली की बहुतेकांना दोन्हींचा आधार घ्यावा लागला.

बिघाड व देखभाल

काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन डांबरासारखा काळा थर झडपेवर व अंतर्ग्रहण मार्गात बसतो. गॅरेजमध्ये याला ‘कार्बन धरणे’ असे म्हणतात. सतत थोड्या अंतराच्या, थांबत थांबत होणाऱ्या शहरी फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि हा थर लवकर वाढतो.

थरामुळे झडप उघडीच अडकली तर मंद गतीत इंजिन थरथरते, बंद पडते, गाडीचा पिकअप कमी होतो व काळा धूर येतो. ती बंदच राहिली तर चालकाला फारसा फरक जाणवत नाही, परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. पेट्रोल इंजिनात ठोका ऐकू येऊ शकतो. दोन्ही प्रसंगी ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. निदान यंत्रावर पी०४०१ हा संकेत अपुऱ्या प्रवाहाचा, पी०४०२ अतिप्रवाहाचा, तर पी०४०३ विद्युत मंडलातील दोषाचा निदर्शक असतो. असा संकेत आला म्हणून झडपच निकामी झाली असे नव्हे. चोंदलेली नळी, फाटलेला निर्वात पाइप, सैल जोडणी किंवा मळलेला हवामापक यांमुळेही तोच संकेत उमटू शकतो. म्हणून नवी झडप घेण्यापूर्वी या गोष्टी तपासणे हिताचे असते.

झडप काढून योग्य द्रावकाने व मऊ ब्रशने साफ करता येते. द्रावक विद्युत भागात जाऊ देऊ नये आणि मोटरचलित दांडा बळाने ढकलू नये. झडप पुन्हा बसवताना नवे गॅस्केट वापरतात आणि अनेक वाहनांत संगणकाला तिची बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते.

शीतकाला तडा गेल्यास कूलंट निष्कास मार्गात झिरपते. बाहेर कोठेही गळती दिसत नसताना कूलंट वारंवार कमी होणे व सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणे ही त्याची लक्षणे होत. याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यू कंपनीच्या चाळीस मोटारींच्या आसपास आगी लागल्याच्या घटना घडल्या. शीतकातून झिरपलेले कूलंट काजळीच्या थरांत साचून पेट घेत असल्याचे आढळले आणि कंपनीने त्या देशात एक लाखाहून अधिक डिझेल मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

झडप निकामी करण्याचा प्रश्न

साफसफाईचा खर्च टाळण्यासाठी किंवा शक्ती वाढेल या समजुतीने काही वाहनधारक झडपेच्या वाटेत धातूची पट्टी बसवून ती कायमची बंद करून घेतात अथवा संगणकातील आज्ञावली बदलून घेतात. अशा वाहनातून काळा धूर कमी दिसतो, त्यामुळे ते स्वच्छ झाल्याचा भास होतो. वास्तविक काजळी घटली तरी नायट्रोजनची ऑक्साइडे वाढलेली असतात आणि नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू असल्याने डोळ्यांना दिसत नाही.

भारतातील नेहमीची पीयूसी तपासणीही हा दोष पकडत नाही. तीत डिझेल वाहनाच्या धुराची दाटी मोजली जाते आणि पेट्रोल वाहनाच्या निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने मोजली जातात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मापन होत नाही. म्हणजे झडप बंद केलेल्या वाहनाला प्रमाणपत्र मिळू शकते, पण त्यामुळे ते वाहन मानकांत बसते असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे आणि कलम १९०(२) नुसार वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवणे दंडनीय आहे.

हा प्रश्न केवळ व्यक्तिगत वाहनांपुरता मर्यादित राहिलेला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर ठपका ठेवला. तिच्या डिझेल मोटारींच्या संगणकात चाचणी चालू आहे हे ओळखणारी आज्ञावली घातलेली होती. चाचणीत प्रदूषण नियंत्रण यंत्रणा पूर्ण काम करी. एरवी रस्त्यावर ती शिथिल होई आणि नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई. शिथिल होणाऱ्या यंत्रणांत पुनरभिसरणाचाही समावेश होता. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने भारतातील अशा मोटारींची तपासणी केली. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे सव्वातीन लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

भारतीय मानके

डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मानकात प्रतिकिलोमीटर ०.२५ ग्रॅम होती. बीएस-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅम करण्यात आली. पेट्रोल मोटारींसाठी हे आकडे अनुक्रमे ०.०८ व ०.०६ ग्रॅम आहेत. बीएस-४ मानक एप्रिल २०१७ मध्ये देशभर लागू झाले. त्यानंतर बीएस-५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू करण्यात आले. एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना होणाऱ्या उत्सर्जनाचीही अट पाळावी लागते. त्यासाठी मोटारीवरच मापनयंत्र बसवून चाचणी घेतात. त्यामुळे झडपेचे काम केवळ प्रयोगशाळेतील काही मिनिटांपुरते न राहता वाहनाच्या रोजच्या वापरातही चालू राहणे उत्पादकांना बंधनकारक झाले आहे. वाहन विकले गेल्यानंतर ते तसे चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र वाहनधारक व दुरुस्ती करणारा कारागीर यांच्यावर येते.